पहाऱ्याचा माणूस

इंजिनाचा धूर ज्या वाकड्या नळीतून बाहेर पडतो, तिला आम्ही बेंड म्हणतो. शेतातल्या इंजिनाचा बेंड धन्याच्या जन्माला पुरतो. बोटीचा पुरत नाही. बोटीत त्याच नळीत धरणाचं पाणी सोडलेलं असतं, धूर थंड करायला. आग आणि पाणी एकाच वाटेनं चालले की लोखंड आतून सडतं. वरचा रंग शाबूत दिसतो, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला की पापुद्रे सुटतात, जुन्या पापडासारखे.

माझं बाळापूरला डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. धरण आमच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. नाव सांगत नाही. सांगून काय करायचं? तिथलं जुनं गाव पाण्याखाली गेलं, पण गावावरची टेकडी राहिली आणि टेकडीवरचं विठ्ठलाचं देऊळ राहिलं. आता ते बेट झालं आहे. दर कार्तिकात तिथे हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली टेकू द्यायची नाही, थांबू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याला कवटाळतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मगच पहारा सुटतो. घरांत पाणी शिरलं त्या सालीही वीणा थांबली नव्हती, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असतं.

मी तसा लोखंडावर विश्वास ठेवणारा माणूस. पण कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. बुवा उभे राहिले, टाळ लागले, की हातातला पाना कुठे ठेवला ते मला आठवत नाही. बायको, संध्या, म्हणते, "तुमाले जेवाले बोलवाचं तर ताट नाही, टाळ वाजवा लागते."

मागच्या कार्तिकात, सप्ताह अर्ध्यावर आला असताना, बोट चालवणारा अमोल सकाळच्या फेरीत काठ जवळ आला आणि हँडलवरच कलंडला. बोटीतल्या लोकांनाही गरगरत होतं. मी काठावरच होतो. अमोलला उघड्यावर निजवलं, तो ओकला, मग डोळे उघडले. मी इंजिनावरची फळी उचलली. बेंडाला बोट जाईल एवढी भोकं पडली होती आणि सगळा धूर आतल्या खोलीत भरत होता. असा धूर माणसाला झोप आणतो, आणि ती झोप उतरत नाही.

"बोट हलवायची नाही," मी म्हणालो.

"आन् बेटावर खुशालराव हायेत ना," अमोल म्हणाला. "वीणा त्यायच्याच गळ्यात हाय. मैनाबाई सोडली तं दुसरं कोनी नाही."

खुशालराव सत्तरीच्या पुढचे. मैनाबाई त्यांची बायको. तिचे गुडघे तिला उभं राहू देत नाहीत, ती बेटावरचा स्वयंपाक बघते. मच्छीमारांना विचारलं, पण वारा असा सुटला होता की त्यांनी तराफे काठावर ओढून वर दगड ठेवले होते.

संध्याकाळचा पहारा माझाच होता. मी म्हणालो, "मी बडनेऱ्याहून नवा बेंड करून आणतो. दिवस मावळायच्या आत बसवतो आणि मीच जाऊन उभा राहतो."

नमुन्यासाठी जुना बेंड काढून पिशवीत टाकला. म्हणजे मी परतेपर्यंत बोट कोणालाच सुरू करता येणार नव्हती. ते मला माहीत होतं.

बडनेऱ्याला स्टेशनाजवळ माझ्या ओळखीचा लेथवाला आहे. त्यानं दुपारीच बेंड तयार करून दिला, झकास, गरम लोखंडाचा वास येत असलेला. परतीच्या गाडीला वेळ होता. रस्त्यापलीकडे मांडव होता. मांडवात कीर्तन होतं.

नमन होईस्तोवर बसू, म्हणून मी मागच्या सतरंजीवर टेकलो. बुवांचा आवाज असा, की त्यात माणूस उतरत जावा. त्यांनी आख्यान लावलं होतं ते देव भक्ताचं रूप घेतो त्याचं. भक्त पूजेत रंगलेला, आणि देव त्याच्या रूपानं धन्याच्या दारी जाऊन त्याचं काम करून येतो. हे आख्यान मी कितीदा ऐकलं असेल. तरी मांडीवर नवा बेंड घेऊन मी रडत होतो.

फोन वाजला. मैनाबाई होती.

"ललित, बापा, कुठं हायेस? त्यायचे पाय थरथरून राहिले."

"निघालो काकू. गाडीतच आहो."

माझ्या मागे टाळ वाजत होते. मृदंग वाजत होता. तिनं ऐकलं असणारच.

"ये मंग, सावकाश ये," ती म्हणाली.

मी फोन बंद करून टाकला. गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा बुवा उत्तररंगात होते. मी उठलो नाही. आरती झाली, प्रसाद घेतला, आणि त्याच मांडवात पिशवी उशाशी घेऊन झोपलो. झोप चांगली लागली. हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

सकाळी धरणावर पोचलो तेव्हा वारा पडला होता. पाणी तेलासारखं स्थिर. बेटावरून आवाज येतो का म्हणून मी थांबून कान दिला. वीणा वाजत होती. माझ्या अंगातून वारं गेल्यासारखं झालं. म्हातारा रात्रभर उभा राहिला होता तर.

अमोल बोटीवर बसून चहा पीत होता. मला बघून त्यानं कप खाली ठेवला.

"मिस्त्री, तुमी इकडून कसे?"

"का?"

"काल मीच तं तुमाले बेटावर सोडलं. परत कवा आले? तराफ्यावर आले का?"

त्याची थट्टा मला माहीत आहे. थट्टा करताना तो आधी स्वतःच हसतो. तो हसत नव्हता.

"दिवस मावळता मावळता तुमी धरनाच्या भिंतीवरून पायी आले," तो म्हणाला. "पिशवी नाही, काही नाही. बेंड काखेत. मी म्हनलं चहा घ्या, तं मुंडीबी नाही हलवली. राग आला असन म्हनलं. बसवला अन् बसले बोटीत. तुमी बसले तसा वाराच पडला पाहा."

आता मी बोलायला हवं होतं. काल मी बडनेऱ्यात होतो, एवढंच. पण मग पुढचा प्रश्न आला असता: बडनेऱ्यात काय करत होता?

"हो," मी म्हणालो. "तराफ्यावर आलो."

पिशवीतला बेंड मी पिशवीतच ठेवला.

अमोलनं इंजिन सुरू केलं. बोट काठापासून सुटल्यावर मी फळी उचलली. बेंड बसवलेला होता. नटांना तांब्याची तार पिळलेली होती, उलट्या बाजूनं. थरथरीनं नट सुटू नयेत म्हणून मी तशी पिळतो. माझ्या बापानं मला शिकवलेलं, दुसरं कोणी तसं करत नाही. जोडावर धुराचा एक डाग नव्हता.

इंजिन चांगलं तापेपर्यंत मी वाट बघितली. मग बेंडाच्या धुराकडच्या तोंडाजवळ हात नेला. तिथे पाणी पोचलेलं नसतं. हात लावला तर कातडी चिकटून येते. ऊब लागली नाही. अजून जवळ नेला. मग तळहात टेकवला.

थंड होता. विहिरीच्या तळच्या दगडासारखा.

मी फळी लावली. अमोलला काही सांगितलं नाही.

बेटाच्या पायऱ्यांवर मैनाबाई काठी टेकून वाट बघत उभी होती. गुडघे दुखत असताना ती वाकली आणि तिनं माझ्या पायांना हात लावला.

"काकू, हे काय करता?"

"रातभर उभा राहिला तू, अन् पहाटे न सांगता निघून गेला. मी चहा आनला, भाकर आनली, तू पाह्यलंबी नाही. मले वाटे, फोनवर टाळ ऐकू आले तं हे पोट्टं कुठं बसलं कीर्तनात." तिनं पदरानं डोळे पुसले. "मनात आलं माह्या. माफ कर बापा."

मी तिला माफ केलं. मान हलवून.

देवळात खुशालराव वीणा घेऊन उभे होते. पहाटेच परत घेतली, असं मैनाबाई म्हणाली. रात्रभर झोपल्यानं त्यांचा चेहरा उतरलेला नव्हता. पण माझ्याकडे बघून त्यांचा नामघोष क्षणभर अडखळला.

"द्या काका," मी म्हणालो.

त्यांनी रीतीप्रमाणे मला कवटाळलं. सोडलं मात्र नाही. कान माझ्या छातीला लावून तसेच राहिले, ओठ पुटपुटत, एक हात तारेवर.

"हं," ते हळूच म्हणाले. "आज लागून राहिले ठोके."

मी वीणेचा पट्टा धरला.

"कालच्याले नव्हते."

बाहेर मैनाबाई चुलीत लाकूड सारत होती. मी आवाज खाली आणून विचारलं, "मग वीणा दिली काहून काका?"

त्यांनी खाली बघितलं. एवढा मोठा माणूस, मी त्यांना कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं.

"पाय राहिले नव्हते रे. अन् तोंड तं तुहंच होतं." मग म्हणाले, "मैनेले नको सांगू."

वीणा माझ्या गळ्यात आली. मी तार छेडली, नाम धरलं. खुशालराव पाया पडायला वाकले आणि तिथूनच, मान वर न करता, म्हणाले, "जाताना त्यानं पुसलं. आज रातीबी येऊ का म्हने."

मला नाम थांबवता येत नव्हतं. मी फक्त त्यांच्याकडे बघितलं.

"पहाऱ्याले येतो म्हननाऱ्याले नाही म्हनते का कोनी?" ते म्हणाले, आणि पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

दिवसभर माणसं आली. पुढच्या पहाऱ्याचे आले त्यांना मी मानेनंच नकार दिला. मी उभाच राहतो, असं. लोक एकमेकांना सांगत होते, काल रात्री हाच, आजही हाच. एका बाईनं लेकराला माझ्या पायावर घातलं. मी नाम घेत होतो. नामाच्या आड माझं तोंड मला लपवता येत होतं.

दुपार कलली तसे पाय जड झाले. मग पोटऱ्या कापू लागल्या. वीणेचा पट्टा मानेत रुतला. माणसं धारा काढायला, गुरं बांधायला परतीच्या फेरीनं निघून गेली. आता अमोल पुंजाजीला घेऊन येणार होता. संध्याकाळचा पहारा पुंजाजीचा.

देवळाच्या दारातून खालचं पाणी दिसतं. ऊन तिरपं झालं होतं.

बोटीचा आवाज आला. नेहमीचा.

बोट पायऱ्यांना लागली. तिच्यात अमोलशिवाय कोणी दिसत नव्हतं. पुंजाजी नव्हता.

अमोलनं दोर बांधला. पहिल्या पायरीवर उतरला. मग मागे वळून, म्हाताऱ्या माणसाला द्यावा तसा, रिकाम्या बोटीकडे हात पुढे केला.

त्याचा खांदा खाली झुकला. वजन आल्यासारखा.

बोट हलकी होऊन वर आली.

मी नाम घेत होतो. पायऱ्यांवर पावलं वाजू लागली होती, आणि माझे दोन्ही हात, मी न सांगता, गळ्यातली वीणा काढायला वर गेले होते.