आत्या खिंडीत बसली तेव्हा

आत्याचा आवाज खणखणीत येतो आणि आईचा मुळीच येत नाही, असं का व्हावं? घोणसगडाच्या माथ्यावर शाल्मली वॉकीटॉकी कानाला लावून रडकुंडीला आली होती.

सन २०५१. गडांवर शांतता हवी म्हणून मोबाइलचे मनोरे कधीच काढून टाकले होते. पुढच्या महिन्यात याच माथ्यावर चार दिवसांचं ताऱ्यांचं शिबिर होतं आणि आईची अट साधी होती : आज पाचच्या आत पायथ्याच्या गावात थांबलेल्या तिच्यापर्यंत शाल्मलीचा निरोप पोचला तर शिबिर, नाही तर घरच्या गच्चीतून तारे बघायचे.

दुकानातल्या गुणाजी नावाच्या यंत्रमानवाने वॉकीटॉकी पुढे करत 'पन्नास किलोमीटर!' म्हणताच शाल्मली भाळली होती. तिचे आजोबा, म्हणजे निवृत्त रेडिओशास्त्रज्ञ डॉ. खांबेटे, "अगं, आधी विचार तरी..." एवढंच म्हणू शकले. दोन संचांवर तिसरा फुकट मिळाला, तो बेबीआत्याने बळकावला. आत्या गड चढायला निघाली खरी, पण मधल्या खिंडीत तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. तिथेच बसून ती दोन तास वॉकीटॉकीवर दशम्यांची कृती सांगत होती.

"आजोबा, तिला थांबवा ना!" शाल्मली शेजारी बसलेल्या आजोबांना म्हणाली.

"कसं थांबवू? बटण दाबलं की हा संच फक्त बोलतो. सोडलं की ऐकतो. आणि तुझी आत्या बटण सोडतेय कुठे?"

पाचला दहा मिनिटं असताना आत्याने दशमीचा घास घेतला आणि बटण सुटलं. शाल्मलीने झडप घातली. "आई! आई, ऐकू येतंय का?"

काही नाही. नुसती खरखर.

"गुणाजीने फसवलं!"

"अर्धंच सांगितलं," आजोबा म्हणाले. "पन्नास किलोमीटर, पण मध्ये काही आडवं नसेल तर. यातल्या रेडिओलहरी (आवाज वाहून नेणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी) जवळपास सरळ रेषेत जातात. इथून गाव दिसतं?"

"मध्ये अख्खा डोंगर आहे!"

"लहरींच्याही वाटेत तोच आहे."

"मग आणखी ताकदीचा संच घेऊ या."

"मोठी विजेरी घेतलीस तर डोंगरापलीकडे उजेड पडेल?"

तेवढ्यात तोंडात घास ठेवूनच आत्या कडाडली, "कार्टे, वहिनी केव्हाची हाका मारतेय, ऐकू येत नाही का?"

शाल्मलीने खाली पाहिलं. खिंडीत आत्याची केशरी टोपी स्पष्ट दिसत होती. खिंडीतून गावही दिसत असणार!

"आत्या, आईला सांग, मी माथ्यावर सुखरूप आहे! आणि मग बटण सोड!"

जरा वेळाने आत्याचा आवाज परत आला. "वहिनी म्हणते, हे तूच सांगितलंस कशावरून? सकाळी घरी काय विसरलीस ते सांग."

शाल्मलीने बटण दाबलं. "पाण्याची बाटली."

लगेच आत्या गावाकडे ओरडली, "वहिनी, पाण्याची बाटली! आणि केसही विंचरलेले नाहीत!"

"हे मी कुठे सांगितलं?" शाल्मली किंचाळली.

पाचला दोन मिनिटं असताना निरोप आला : "वहिनी म्हणते, मग तीच आहे. जा शिबिराला."

शाल्मलीने आजोबांना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा पडला.

पुढच्या महिन्यात खिंडीत एक छोटी पेटी बसली. तो होता पुनर्प्रक्षेपक (ऐकलेला निरोप जसाच्या तसा पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र). आजोबांनी त्यावर नाव रंगवलं : 'आत्या'.

"हे आपल्या मनाचं काहीच घालत नाही?" खऱ्या आत्याने गावात राहायला जाताना नाक मुरडलं. "मग निरोप कसला तो!"

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी चंद्र वर आला. आजोबा म्हणाले, "याच्या पाठीमागच्या बाजूला वस्ती झाली की पृथ्वीशी बोलायला अख्खा चंद्रच आड येणार. तिथेही मध्ये कुणाला तरी बसवावं लागेल."

शाल्मलीने हसत बटण दाबलं आणि ते सगळं गावात कळवलं. मग आठवणीने बटण सोडलं.

पेटीने उत्तर जसंच्या तसं पोचवलं : "केव्हा निघायचं? दशम्या करायला घेते."