धक्क्यावरची चार मिनिटं

काकांच्या दुकानात कॅमेरे भाड्याने मिळतात, जुने विकतही मिळतात. मी, माझा मित्र जाड्या आणि त्याची बहीण असे आम्ही तिघं संध्याकाळी तिथे गेलो होतो. सहलीसाठी कॅमेरा ठरवायचा होता. गर्दीची ठिकाणं टाळून नकाशावर जिथे फारसं काही लिहिलेलं नाही, अशा दोन-तीन जागा आम्ही निवडल्या होत्या. जाड्याला मोठाच कॅमेरा हवा होता, वर तीन लेन्स.

"उचलणार कोण?" बहिणीने विचारलं. "तुला स्वतःला उचलून जिना चढवत नाही."

"तू आहेस की. फुकटचा हमाल."

काका हसले. म्हणाले, "हे बघा, खांदा दुखला की डोळे काही बघत नाहीत. हलका कॅमेरा घ्या. लेन्स एकच घ्या. जवळून हवं असेल तर चालत पुढे जा." बोलता बोलता त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर अंधार पडला होता. रस्त्यावरची वर्दळही संपत आली होती.

मग जाड्या म्हणाला, "एक ट्रायपॉडपण द्या, काका. रात्री ताऱ्यांचे फोटो काढायचेत. शटर उघडं ठेवून."

काकांनी कोपऱ्यातला ट्रायपॉड उचलला. "आणि पुढे कुणाला उभं करणार?"

"हिला. दुसरं कोण आहे?"

काकांनी ट्रायपॉड परत भिंतीला टेकवून ठेवला.

"बसा जरा," ते म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं तसंच लिहितो.

माझी एक भाची आहे, सख्ख्या बहिणीची मुलगी. तिला आम्ही छकुली म्हणतो. आता चांगली पस्तिशीला आली, पण घरात नाव चिकटलं ते चिकटलं. तिचा नवरा लग्नांचे फोटो काढतो. उंच, किडकिडीत, सगळे पायच पाय. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हाच माझ्या बायकोने त्याचं नाव तिपाई ठेवलं. जावयाला असं म्हणतात का, म्हणून मी तिच्यावर डोळे वटारले. पण तोच हसला, आणि तेव्हापासून तो तिपाईच झाला.

लग्नांना तो कंटाळला होता. "मामा, लोक जेवताना त्यांच्या तोंडाचे फोटो किती वर्षं काढू?" असं म्हणायचा. मागच्या वर्षी त्याला एक काम मिळालं. एका कंपनीला शांत जागांचं कॅलेंडर काढायचं होतं. रस्त्यापासून दूर, गर्दी नाही, अशा बारा जागा. अकरा फोटो झाले होते, बारावा अडला होता. हे काम पसंत पडलं तर पुढचं वर्षभराचं काम त्यालाच मिळणार होतं, आणि लग्नं कायमची सुटणार होती.

जागा छकुलीने शोधली. तिचा त्यात हातखंडा. जिथे गाड्या लावायला जागा ठेवलेली असते, तिथे ती जातच नाही. एक तळं होतं. काठाला एक लॉज, बंद पडल्यासारखं, पण खोली मिळत होती. आणि पाण्यात आत गेलेला एक लाकडी धक्का, पूर्वी होड्या लागायच्या तो. निघायच्या आधी दोघं याच दुकानात आली होती. तिपाईला चार-चार गोष्टी न्यायच्या होत्या. छकुलीने सगळ्या पिशवीतून बाहेर काढल्या. "हे नको, तेही नको. मीच तुला पुरे झाले," म्हणाली. शेवटी एक कॅमेरा, एक लेन्स, एक ट्रायपॉड, आणि न हलवता शटर दाबायची लांब तार, एवढंच घेऊन गेली.

नोव्हेंबरातला तिसरा बुधवार होता. अमावस्या. अमावस्या मुद्दाम निवडली होती, पण ती भुतांसाठी नाही हो. चंद्र नसला की तारे जास्त दिसतात, म्हणून.

लॉजचा रखवालदार साठीचा माणूस होता. त्याने किल्ली दिली, पाणी आणून दिलं, धक्का दाखवायला बरोबर आला. सगळं नीट. फक्त एक गोष्ट छकुलीच्या लक्षात आली. धक्क्यावर पाय ठेवल्यापासून तो एका जागी उभा राहत नव्हता. बोलता बोलता या पायावरून त्या पायावर. दोन पावलं पुढे, एक मागे. लघवीला लागल्यासारखा.

"काका, तुम्हाला घाई आहे का?" तिने विचारलं.

"नाही गं बाई. इथे उभं राहायची सवय नाही आम्हाला कुणाला."

"का?"

तो उत्तर न देता काठाकडे चालू लागला. तिपाईने मागून त्याची नक्कल केली, लांब पाय टाकत, बगळ्यासारखी. छकुलीवर हसून हसून खाली बसायची वेळ आली.

आता तुम्हाला फोटोचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रात्री उजेड नसतो, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तिपाईने ठेवलं होतं चार मिनिटं. एवढ्या वेळात जो हलतो, तो फोटोत उमटत नाही. भर चौकात असा फोटो काढा, चौक रिकामा दिसेल. फक्त जो थांबला, तोच उरतो. तिपाईला रिकाम्या धक्क्याच्या टोकाला एक बाई हवी होती, पाठमोरी, पाण्याकडे बघणारी. आणि वर ताऱ्यांच्या रेघा. सुरुवातीला तिच्यावर टॉर्चचा एक झटका मारायचा, मग चार मिनिटं अंधारात तिने दगड व्हायचं. हलली, तर तिच्या अंगातून तारे आरपार दिसले असते.

रात्रीचे साडेदहा झाले होते. वारा नव्हता. पाणी काचेसारखं. तिपाई काठावर कॅमेऱ्याजवळ, छकुली धक्क्याच्या टोकाला. मध्ये नुसत्या फळ्या.

"तयार?" तो ओरडला.

"तयार. पण नंतर गरम चहा तू करायचास."

"करतो. हलू नकोस."

टॉर्चचा झटका. मग काळोख.

पहिलं मिनिट काही नाही. दुसरं मिनिट लागलं. तिने हाक मारली. हळू आवाजात, पण पाण्यावरून आवाज लांब जातो.

"अरे."

"काय?"

"तू इकडे आलास का?"

"नाही. मी कॅमेऱ्यापाशी आहे."

तिपाई कॅमेऱ्यावर वाकलेलाच होता.

"का गं?"

"फळी वाजली. माझ्याजवळ."

"लाकूड आहे. थंडीने वाजतं. हलू नकोस."

पुढे काही वेळ काहीच नाही. तिपाई घड्याळ बघत होता. तो नंतर मला म्हणाला, मामा, त्या वेळी मला फक्त बारावा फोटो दिसत होता. बारावा झाला की सुटलो. एवढंच.

"अरे..."

आता तिचा आवाज वेगळा होता.

"कोणीतरी उभं आहे."

"कुठे?"

"डावीकडे. मी बघत नाहीये. बघितलं तर मान हलेल."

तिपाईने डोळे ताणले. टोकाला तिची काळी आकृती होती. एकच. बाजूला तारे. दुसरं कोणी नाही.

"कोणी नाहीये गं. मला दिसतंय ना. एकच मिनिट. हलू नकोस."

"हात..."

"काय?"

"माझा हात..."

"हलू नकोस!"

पोरांनो, हे चार वेळा म्हणाला तो. स्वतःच्या बायकोला.

कॅमेऱ्यात टक् असा आवाज झाला. शटर बंद.

"झालं! ये आता!"

ती आली नाही.

"छकुली?"

काही नाही.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्याची एक पद्धत असते. एवढा वेळ घेऊन काढलेल्या फोटोत रंगांचे खोटे ठिपके येतात. ते घालवायला कॅमेरा पडदा, म्हणजे शटर, बंद ठेवून तेवढाच वेळ आणखी एक फोटो घेतो. पूर्ण काळा. मग त्या काळ्या फोटोत जे काही उजळलेलं सापडेल, ते पहिल्या फोटोतून खोडून टाकतो. तिपाईने कॅमेरा तसाच सोडला. टॉर्च घेतली. धावला.

फळ्या वाजत होत्या. त्याच्याच पायांनी.

ती उभी होती. तशीच. डोळे उघडे. पाण्याकडे. उजवा हात सरळ खाली. डावा... डावा थोडा बाजूला. लहान मूल आईचं बोट धरून उभं असतं ना. तसा.

"चल."

तिने ओठ हलवले. आवाज आला नाही.

त्याने उजवा हात धरला. ओढला. पन्नास किलोची पोरगी ती. हलेना. रोवलेल्या खांबासारखी. त्याने पुन्हा ओढली. तिचं सगळं अंग त्याच्याकडे झुकलं, पण डावा हात तिथेच राहिला. हवेत. ताणलेला.

तिपाईने टॉर्च डावीकडे वळवली.

फळ्या. पाणी. बाकी काही नाही.

तेवढ्यात काठावरून आवाज आला. रखवालदार. तिथल्या तिथे पाय आपटत होता.

"चालवा तिला! पाय उचला तिचे! उभे राहू नका तिथे, तुम्हीसुद्धा!"

आणि तेव्हा तिपाईला जाणवलं... आपणही थांबलोय. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. उजव्या खांद्याला काहीतरी टेकलं होतं. हलकंच. गर्दीत शेजारचा टेकतो तसं.

तो खाली बसला. तिचं एक पाऊल दोन्ही हातांनी उचललं. पुढे ठेवलं. दुसरं उचललं. पुढे ठेवलं. पुन्हा पहिलं. असं करत, रांगत, त्याने तिला सगळा धक्का चालवला. आपल्या हातांनी. मध्ये कुठेतरी तिचा डावा हात सुटला. सुटल्याचं कळलं, कारण ती एकदम हलकी झाली आणि त्याच्या अंगावर पडली.

मागे फळी वाजली.

एकदाच.

रखवालदार म्हणाला, "थांबू नका. आता उजाडेपर्यंत चालायचं." मग तिघं चालली. लॉजसमोरच्या रस्त्यावर, इकडून तिकडे, तिकडून इकडे. छकुली मध्ये. ती पेंगायला लागली की दोघं तिला चिमटे काढायचे. एकदा रखवालदाराने विचारलं, "तिला उभं कुणी केलं होतं तिथे?"

तिपाई चालत राहिला.

उजाडल्यावर ती रडली. मग तिने चहा मागितला. तेव्हा तिपाईही रडला.

काका थांबले. बाहेर एक रिक्षा गेली. जाड्याच्या बहिणीने विचारलं, "आणि फोटो?"

काका म्हणाले, फोटो मी बघितला. याच कॉम्प्युटरवर. तिपाई मेमरी कार्ड घेऊन आला, खुर्चीत बसला, आणि म्हणाला, मामा, तुम्हीच उघडा.

सुंदर आला होता, खोटं कशाला बोलू. ताऱ्यांच्या रेघा, पाण्यात त्यांचं प्रतिबिंब, धक्का, आणि टोकाला आमची छकुली, एकदम स्पष्ट. आणि तिच्या डावीकडे एक भोक.

म्हणजे फाटलेलं नाही. माणसाच्या आकाराचा काळा भाग. डोकं, खांदे, खाली पाय. त्यात तारे नाहीत, पाणी नाही, फळ्या नाहीत. काहीच नाही. कात्रीने कापून काढावं तसं.

सावली असेल, असं तो म्हणाला. मी हो म्हणालो. पण चाळीस वर्षं हेच काम केलंय मी. सावली अशी नसते. ते खोडलेलं होतं. कॅमेऱ्याने स्वतः खोडलेलं. त्याचा अर्थ एकच होतो, की त्या दुसऱ्या फोटोत, त्या काळ्या फोटोत, तो आकार उजळ होता. आता तुम्हीच सांगा. तेव्हा पडदा बंद होता. बाहेरचं काही आत जायला वाटच नव्हती. मग ते कुठे उभं होतं?

जाड्याने भिंतीला टेकवलेल्या ट्रायपॉडकडे बघितलं. काका पुढे सांगत राहिले.

फोटो मोठा करून बघितला, तर छकुलीचा डावा हात त्या काळ्यात गेला होता. अंगठा दिसत होता. चार बोटं नव्हती.

त्याने फोटो कंपनीला दिला नाही. काम गेलं. आता परत लग्नांची कामं करतो, आणि गर्दीत खूष असतो. मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचणाऱ्यांत घुसून फोटो काढतो. छकुलीही बरी आहे. हसते, भांडते, नवऱ्याला चहा करायला लावते. डॉक्टरांनी हात तपासला. बोटं हलतात, गरम आहेत, कुठे काही नाही.

परवा आली होती माझ्याकडे. जेवण झाल्यावर गॅलरीत बसलो होतो. तिने नेलकटर मागितलं. उजव्या हाताची पाचही नखं कापली. मग डाव्या अंगठ्याचं कापलं. आणि नेलकटर मला परत दिलं.

"आणि ही चार?" मी विचारलं.

तिने हात माझ्यापुढे धरला. चारही नखं नीट होती. आखूड, गोल, नुकतीच कापल्यासारखी.

"ही वाढत नाहीत, मामा," ती म्हणाली. "त्या बुधवारी दुपारी कापली होती. तेवढीच आहेत."