सभासद नंबर दोनशे बारा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मी कपडे शिवते, रंगवून सांगणं मला येत नाही. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि तेही भर दुपारी.

गेल्या वर्षीचा एक शनिवार. अडीच वाजलेले. आमच्या गल्लीमागच्या वाचनालयाचा वरचा मजला.

मला कथा कशी लिहावी हे शिकवणारं पुस्तक हवं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी. हसा खुशाल!

सोळाव्या वर्षी मी एक कथा लिहिली होती. आमचे थोरले काका छापखान्यात प्रुफं तपासायचे, म्हणून मोठ्या हौसेने त्यांनाच दाखवली. त्यांनी लाल पेन्सिलने पानंच्या पानं खोडली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या हातात सुई द्या. लिहिणं रक्तात असावं लागतं, पुस्तकं वाचून येत नाही."

झालं. मी सुई धरली.

काका जाऊन नऊ वर्षं झाली, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नव्हतं.

वर मी एकटीच होते. कपाटात अशी अकरा पुस्तकं. कुठलं न्यावं? माझी आपली एक युक्ती आहे. मी मागचं पान बघते, जिथे सभासदाचा नंबर आणि तारीख घालतात. दोन दिवसांत परत आलेलं पुस्तक कुचकामी. पुन्हा पुन्हा नेलेलं, ते कामाचं.

पहिलं उघडलं. सभासद २१२. सात वेळा.

दुसरं... २१२.

तिसरं... २१२.

हा नंबर मला पाठ होता. लहानपणी काकांची मासिकं बदलायला मीच यायचे. ही पुस्तकं मात्र त्यांनी मला कधी आणायला सांगितली नव्हती.

अकराच्या अकरा नेली होती! गुपचूप! आणि मला म्हणे, रक्तात असावं लागतं. माझं डोकंच फिरलं.

अकराव्या पुस्तकावरची शेवटची तारीख बघितली...

तारीख आजची होती.

शाई ओली होती. बोटाला लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला. खर्र... खर्र... कुणीतरी पेन्सिलला टोक करत होतं.

वळले. कुणी नाही.

फरशीवर पेन्सिलीची ताजी सालपटं पडली होती. लाल कडेची.

पुन्हा पुस्तकाकडे बघितलं. पानाच्या कडेला लाल अक्षरं उमटत होती... एकेक करून...

"सुई धर."

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण सत्तावीस वर्षांचा राग भीतीपेक्षा मोठा निघाला.

शिवणाचा खडू माझ्या खिशात असतोच. काढला आणि त्या अक्षरांवर आडवी रेघ ओढली. त्यांनी माझ्या पानांवर ओढली होती तश्शी.

"काका, तुम्हालाच जमलं नाही ना? मग तसं सांगायचं! माझ्यावर का राग काढलात? हे पुस्तक मी घरी नेणार. काय करायचं ते करा!"

खर्रखर्र थांबली.

कुणीतरी सुस्कारा सोडला... अगदी कानाशी.

जिना कसा उतरले, आठवत नाही. खाली वाचनालयाच्या बाईंनी मागचं पान बघितलं आणि चष्मा वर केला.

"अहो, हे आजच कुणीतरी नेलंय असं दिसतंय. दोनशे बारा... हा नंबर तर कधीचा बंद आहे. मी तर शिक्का मारला नाही!"

"खोडा तो," मी म्हटलं. "माझा घाला."

तेव्हापासून मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर लिहिते. वही उघडली की आदल्या दिवशीचं एखादं वाक्य लाल रेघेने खोडलेलं असतं. घरात लाल पेन्सिल नाही. मी शोध शोध शोधलंय.

भीती वाटते. अजूनही वाटते. तरी मी तेच वाक्य खाली पुन्हा लिहिते.

ही कथाही तशीच पुरी केली. हिचं शेवटचं वाक्य त्यांनी चार वेळा खोडलंय. आत्ता पाचव्यांदा लिहितेय, आणि मागे खर्रखर्र सुरू झालीय...

मला लिहिता येतं.