नलिकापेटीची भूक

पेटीत थेंब पडेनासा झाला आणि डॉ. शाल्मली रेगेची मती गुंग झाली.

रत्नागिरीच्या जीवयंत्र प्रयोगशाळेत तिने वाणी या सहस्रपाद किड्याच्या उत्सर्जन-नलिका वाढवल्या होत्या. त्या कमरेला बांधायच्या पेटीत बसवून पहिली पेटी तिने जोडली ती स्वतःच्या वडिलांना. बाबांची मूत्रपिंडं निकामी होती, त्यांना डायलिसिसच्या खुर्चीतून सोडवायचं हा तिचा हट्ट. सुरुवातीला पेटीने झकास काम केलं. मग पेटीत पडणारी मूत्राची धार बारीक झाली, बाबांचे हातपाय गळाले, आणि आज सगळं ठप्प. काचेच्या बशीत मात्र त्याच नलिका खुशाल पाझरत होत्या. तिने पेटीतले गाळण-पडदे बदलले, तापमान तपासलं, काही केल्या उलगडा होईना.

शेवटी तिने इब्राहिम मुकादमांना बोलावलं. हयात वाणी किड्यांच्या अभ्यासात घालवलेला माणूस.

"पाणी कोण ओढतं?" त्यांनी विचारलं.

"नलिका, सर."

"नलिका पाण्याला हातही लावत नाही. ती क्षार आत ढकलते, मुख्यतः पोटॅशियम. पाणी त्यामागून आपसूक येतं आणि घाण पाण्याबरोबर. पुढे किड्याचं आतडं कामाचे क्षार परत शोषून घेतं. तुझ्या पेटीत आतडं कुठाय?"

ते तिनेच वगळलं होतं. साठलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडतं, ते जाईल तितकं चांगलं, असा तिचा हिशोब. रक्तातला आकडा घटताना पाहून ती खूश व्हायची. फारच उतरला तेव्हा तिने मोजयंत्रालाच दोष दिला होता.

"जेवणातून किती येतं?" मुकादम म्हणाले.

शाल्मलीला घरचं ताट आठवलं. पेटी बसली तरी घरातलं पोटॅशियम टाळायचं पथ्य कुणी बदललंच नव्हतं. केळं बंद, शहाळं बंद, भाजी उकडून पाणी फेकलेलं. बशीतल्या नलिकांना ती स्वतः पोटॅशियम घालत होती आणि बापाच्या नलिकांना उपाशी मारत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तातडीपुरतं पोटॅशियम शिरेतून दिलं. पण पेटी चालायची तर ते रोज पोटातूनच यायला हवं होतं. ती शहाळं घेऊन खाटेपाशी बसली.

"हे विष आहे," बाबा म्हणाले. "तूच सांगितलंस. आठ वर्षं घोट घेतला नाही मी."

"आता तेच औषध आहे, बाबा."

ते गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "मग तेव्हा चुकलीस की आता?"

"तेव्हाही बरोबर होते, आताही आहे."

तिने शहाळं पुढे केलं. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले, तिनेच शिकवलं होतं तसे.