मधला ठसा

मागवाचक यंत्राच्या पडद्यावर पहिला ठसा उमटू लागला, तशी डॉ. शाल्मली खुर्ची सोडून उभी राहिली. रानाकाठच्या या प्रयोगशाळेत तिने शेकडो नमुने वाचले होते, पण आजचं रक्त तिच्या दहा महिन्यांच्या मनूचं होतं. ताप येत-जात होता. रक्तात गुरा-शेळ्यांकडून माणसात येणारा ब्रुसेला जीवाणू सापडला होता. तो आला कुठून, एवढंच कळायचं होतं, आणि शाल्मलीच्या मते तेही कळलेलंच होतं.

"जाऊबाईंनी शेळीचं कच्चं दूध पाजलं असणार, सर."

"पाहिलंस?" इनामदार सरांनी विचारलं. हे यंत्र दोघांनी मिळून घडवलं होतं.

"पाहायला कशाला हवं?"

नवरा प्रशिक्षणाला गेल्यावर थोरल्या जाऊबाई, हेमांगीताई, मदतीला आल्या होत्या. त्यांची स्वतःची मुलं कॉलेजात. बघता बघता मनू त्यांचीच होऊन बसली. जेवायची त्यांच्या हातून, झोपायची त्यांच्या मांडीवर. शाल्मली घरी आली की तिच्याकडे यायची ती फक्त दुधापुरती. पोट भरलं की काकूकडे झेप. "अगं, जा की आईकडे," ताई म्हणायच्या, पण हात काही सैल सोडायच्या नाहीत. निदान शाल्मलीला तसं वाटायचं. आज यंत्राने बोट दाखवलं की ताईंना उद्याच्या एसटीत बसवून द्यायचं, हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

"तूच सगळ्यांना समजावतेस ना," सर म्हणाले, "जीवाणू ज्या शरीरात, ज्या अवयवात मुक्काम करतो, तिथला ठसा त्याच्या गुणसूत्रावर राहतो. पुढच्या शरीरात गेला तरी मागचा पुसत नाही. मग ठशांनाच बोलू दे."

पहिला ठसा रानगव्याचा. दुसरा शेळीचा. गवे चरतात त्याच कुरणात प्रयोगशाळेच्या पहारेकरी शेळ्या चरायच्या, रानातला रोग आधी त्यांच्यात दिसावा म्हणून.

"आता थेट मनू," शाल्मली म्हणाली.

तिसरा ठसा माणसाचा निघाला. मोठ्या माणसाचा.

"बघा! म्हणजे दूध नव्हे, ताईंच्याच अंगातून आलंय!" तिच्या आवाजात चक्क आनंद होता.

"अवयव वाच," सर हळूच म्हणाले.

तिने वाचला. स्तन्यग्रंथी, दूध येत असलेली. घरात अंगावर पाजणारी बाई एकच होती.

"आपल्या पहारेकरी शेळ्यांतली ती तांबडी व्यायली, तेव्हा करडू कोणी ओढलं?" सरांनी विचारलं.

शाल्मली खुर्चीत बसली. "ताई मनूला घेऊन गोठ्यात आल्या होत्या, त्याच ओढणार होत्या. मनूला म्हणत होत्या, बघ हं, काकू कशी जादू करते. मी हातमोजे आणायला गेले असते, तर तेवढ्यात त्यांनी..." ती थांबली. "मनू माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती, सर."

"जीवाणूंची डॉक्टर तू, आणि उघड्या हातांनी? शेळी व्याताना येणाऱ्या पाण्यातच ब्रुसेला भरलेला असतो ना!"

गेले काही दिवस तिची पाठ भरून यायची, संध्याकाळी घाम फुटायचा. तिला वाटायचं, दमणूक.

"औषधाने दोघीही बऱ्या व्हाल," सर म्हणाले. "पण अंगावरचं दूध आजपासून बंद. आणि तिला वेगळी झोपव. तुझा वास आला की ती मागणारच."

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. शेवटी, मान खाली घालून, संशयाचंही.

"माहितेय," हेमांगीताई म्हणाल्या. "रोज दुधाचं भांडं हुंगायचीस, मला काय दिसत नव्हतं? औषध घे आधी. भांडायचं ते बरी झालीस की भांडू."

तिन्हीसांजेला मनू भुकेली झाली. काकूच्या कडेवरून तिने बाटली ढकलून दिली, काकूच्या तोंडावर चापट मारली आणि दोन्ही हात शाल्मलीकडे पसरून टाहो फोडला. "आई! आई!" काकूला सोडून तिने एकदा तरी असं आपल्याकडे झेपावावं, म्हणून शाल्मली किती झुरली होती.

"जा आत," ताई म्हणाल्या. "कडी लाव."

शाल्मलीने आत जाऊन कडी लावली.