सतरा नंबरच्या खिडकीतला डाग

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

मी एसी दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर, बंद पडलेल्या ऑफिसांत, कुलूपबंद खोल्यांत एकटा असतो. भुतंखेतं असती तर पहिली गाठ माझ्याशीच पडली असती. त्यामुळे कोणी असं काही सांगायला लागलं की मी आधी फिदीफिदी हसतो. ताईलाही हसलो होतो.

आता हसत नाही.

आणि रात्र, काळोख, कुत्र्यांचं रडणं, असलं यात काहीच नाही. मंगळवार होता. दुपारचे बारा चाळीस. डोक्यावर रणरणतं ऊन.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. शहराच्या कचेरीत कामाला. तिचं काम काय, तर अख्खं शहर कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं. खरंखुरं, उंचीसकट. माऊस फिरवला की आपण गल्लीतून चालल्यासारखं वाटतं.

हे शहर बनवायची एक रीत आहे. ती नीट लक्षात ठेवा.

कॅमेऱ्यांची गाडी प्रत्येक गल्लीतून चार वेगवेगळ्या दिवशी फिरते. मग सॉफ्टवेअर ते चार दिवसांचे फोटो एकमेकांवर ठेवतं. जे हललं, ते पुसून टाकतं. माणसं, कुत्री, स्कूटरी, वाळत घातलेले कपडे, सगळं गायब. चारही दिवस जे जागचं हललं नाही, तेवढंच ठेवतं. भिंत, खांब, झाड. तरी काही डाग उरलेच, तर ते ताई हाताने साफ करते.

"म्हणजे तुझ्या शहरात माणसंच नाहीत?" मी एकदा विचारलं होतं.

"माणसं आली की मॉडेल घाण होतं रे," ती हसून म्हणाली होती.

तर, एका जुन्या वस्तीतून रुंद रस्ता काढायचा होता. कुठलं घर रिकामं आणि कुठल्यात माणसं, ते ताईने मॉडेलवर रंगवायचं. विजेचं मीटर, पाण्याचं मीटर, मोबाइलच्या सिग्नलची ये-जा. तिन्ही शून्य असलं की घर राखाडी. नाहीतर पिवळं. पिवळ्या घरांतल्या लोकांना आधी दुसरी जागा द्यायची आणि मग घर पाडायचं. राखाडी घर सरळ पाडायचं.

जागेवर जाऊन बघायचं, असं नियमात होतं. पण चारशे घरं, आणि काम करणाऱ्या दोघी. ताई आणि तिच्या शेजारची चष्मेवाली. दोघींनी खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या.

सतरा नंबरचं घर दुमजली होतं. खाली एक बाई राहायची, तिला नवी जागा मिळाली आणि ती गेली. वरच्या मजल्यावर तिन्ही आकडे शून्य. राखाडी.

फक्त वरच्या खिडकीत एक डाग होता. उभट, काळपट, खांद्यासारखा उतरता. चारही दिवसांच्या फोटोंत होता, म्हणून सॉफ्टवेअरने तो भिंतीतच धरला होता.

"ओल असेल," चष्मेवाली म्हणाली. "पुसून टाक ना."

ताईने पुसला. एक क्लिक. पुढच्या गुरुवारी घर पाडलं.

आता तो मंगळवार.

दिव्यांच्या खांबांवर आवाज मोजायचे माईक बसवलेले असतात. ते आवाज साठवत नाहीत. लोकांचं बोलणं ऐकायची परवानगी नाही ना. किती मोठा आवाज झाला, कुठे आणि कधी, एवढंच कळतं. मॉडेलमध्ये त्या जागी लाल ठिपका उमटतो.

ताई डबा उघडत होती. समोर मॉडेल चालू होतं.

सतरा नंबरच्या मोकळ्या जागेवर एक ठिपका उमटला...

मग दुसरा...

मग तिसरा.

आणि गप्प.

बारा चाळीस. ताईला वाटलं, कोणीतरी काहीतरी ठोकत असेल. तिने घास घेतला.

बुधवारी बारा चाळीसला पुन्हा तीन ठिपके. गुरुवारीही. त्या जागी आता ना भिंत होती, ना दार. ठोकणार कशावर?

तिने मागचे दिवस काढून बघितले. घर पाडलं त्या दिवसापर्यंत रोज, न चुकता, बारा चाळीस. त्याच्याही आधी, घर उभं असताना... रोज बारा चाळीस. तीनच.



आपण पुसलेला डाग तिला आठवला. मॉडेलमधून तो गेला होता, पण गाडीने काढलेले मूळ फोटो कचेरीत जपून ठेवलेले असतात. तिने ते शोधून काढले आणि खिडकी मोठी केली.

ओल नव्हती.

म्हातारा होता. खिडकीशी खुर्चीत बसलेला. हातात काठी. चारही दिवस तोच सदरा, तीच मान, तसाच हात. चारही फोटोंत तो खाली, गाडीकडे बघत होता.

"अगं बाई..." चष्मेवालीच्या तोंडून एवढंच निघालं.

ताई तशीच उठली आणि पाडकामाच्या मुकादमाकडे गेली. भला माणूस होता तो. तिला उन्हात उभं राहू दिलं नाही, स्वतःचं स्टूल दिलं.

"वर जाऊन बघितलं होतं का हो कोणी?"

"राखाडी होतं ना मॅडम."

"हो, पण बघितलं होतं का?"

"तुमच्या यादीत राखाडी म्हटल्यावर आम्ही कशाला बघायचं? आम्ही रंग बघतो." त्याने मानेवरचा घाम पुसला. "साडेबाराला मशीन लावलं. त्या धडधडीत कोण ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. का हो? काय झालं?"

मातीत काही सापडलं का, असं तिने विचारलं. माती ट्रकांत भरली, गेली. शहराबाहेर कुठल्याशा खड्ड्यात. चाळत कोण बसतं?

मग ती खाली राहणाऱ्या त्या बाईच्या नव्या घरी गेली. बाईने दारातच विचारलं, "आजोबांना कुठे हलवलंत? भेटून येईन म्हणते."



आजोबांचं कोणीच नव्हतं. पायांनी अधू. वीज या बाईकडूनच वायर टाकून घेतलेली, पाणी तीच वर नेऊन द्यायची, फोन नाही. मीटर शून्य येणार नाही तर काय? दुपारी भूक लागली की आजोबा काठीने जमिनीवर तीनदा ठोकायचे. मग ही ताट घेऊन वर जायची.

"घड्याळासारखे हो! बारा चाळीस म्हणजे बारा चाळीस. मी म्हणायची, आजोबा, तुमच्या पोटात गजर आहे का?" बाई हसली. मग ताईचा चेहरा बघून तिचं हसू विरलं. "मला वाटलं, तुमच्या लोकांना माहीत असेल. तुमच्याकडे तर सगळं शहर दिसतं म्हणे कॉम्प्युटरमध्ये."

ताईने सगळे दवाखाने पालथे घातले. निराधारांच्या आश्रमांत फोटो दाखवला. पोलिसांत गेली. साहेबांपुढे रडली. साहेब म्हणाले, "असतील गेले कुठे तरी. बाई, तुम्ही रजा घ्या."

ती मला म्हणाली, "अरे, तो असेल ना रे कुठे? कोणी नेला असेल ना?"

मी म्हटलं, असेल. दुसरं काय म्हणणार होतो? ती रडत होती, आणि मला खोटंसुद्धा धड बोलता येईना.

मग तिने एक केलं. डब्यात मऊ भात घेतला आणि बारा वाजून पस्तीस मिनिटांनी त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहिली. मोबाइलवर मॉडेल उघडलं.

बारा चाळीस.

रस्ता शांत होता. चिटपाखरू नाही. तिने कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही...

पण मोबाइलवर, ती उभी होती बरोब्बर तिथे, तिच्या पायांभोवती...

एक ठिपका.

दोन.

तीन.

पण पळाली नाही हो ती. ते मला आजही जमलं नसतं. तिने खाली बसून डबा उघडला, जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, उशीर झाला. माझी चूक झाली. जेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आधीच जाऊन बसली. एकही ठिपका आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी कचेरीला सुट्टी. ताई घरी झोपून होती. संध्याकाळी मावशी, म्हणजे तिची आई, म्हणाली, "दुपारी खालून कोण गं ठोकत होतं? तीनदा. दुकानवाल्याला सांग जरा."

त्यांच्या घराखाली दुकान आहे, खरंय. रविवारी बंद असतं.

ताईने मोबाइल काढला. मोकळ्या जागेवर काही नव्हतं. तीन ठिपके तिच्या स्वतःच्या इमारतीवर होते. बारा चाळीस.

तेव्हापासून तिने एक दिवस चुकवला नाही. रविवार नाही, सुट्टी नाही, लग्नकार्य नाही. ती वाळत चालली. मावशीने मला बोलावून घेतलं. मी ताईला खूप हसलो, थट्टा केली, रागावलो. पालथ्या घड्यावर पाणी.

"मी रिकामं म्हटलं होतं रे," ती म्हणायची. "माणूस समोर दिसत होता आणि मी रिकामं म्हटलं."

मग ती तापाने फणफणली. उठताच येईना. अकरा वाजता मला फोन. "डबा घेऊन जा. तुझ्या पाया पडते."

मोठी बहीण असं म्हणाली तर काय करणार? गेलो. पडलेली बादली पालथी घालून तिच्यावर बसलो, डबा समोर ठेवला. अर्धा तास. फोनवर गाणी ऐकली, पाय हलवले, दोनदा उठून सावलीत गेलो. मध्ये कॅमेऱ्यांची गाडी आली. नव्या रस्त्यासाठी पुन्हा फोटो काढायला चार दिवस फिरत होती ती. मी हात हलवला, दात काढले.

बारा चाळीसला काहीच झालं नाही. भात होता तसा होता. घरी येऊन ताईला म्हटलं, "झालं समाधान? जेवले तुझे आजोबा." ती तापातही हसली. मला बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला आणि ती पुन्हा स्वतः डबा नेऊ लागली.

तीन आठवड्यांनी ते चार दिवसांचे फोटो जोडून मॉडेल तयार झालं. ताई बरी होऊन कामावर गेली होती. मी तिच्या कचेरीतला एसी बघायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. शिडीवरून मला स्क्रीन सरळ दिसत होती.

चष्मेवाली सतरा नंबरची जागा साफ करत होती.

"इथे डाग राहिलाय," ती म्हणाली. मग पुढे झुकली. "दोन आहेत. जवळ जवळ. चारही दिवस आलेत, म्हणून सॉफ्टवेअर त्यांना जमिनीतच धरतंय. पुसू ना गं?"

ताईने मूळ फोटो उघडले.

पहिला दिवस. ताई मोकळ्या जागेत मांडी घालून बसलेली, पुढ्यात डबा. तिच्या शेजारी, खुर्चीच्या उंचीवर, उभट काळपट काहीतरी. खांद्यासारखं उतरतं.

दुसरा दिवस. तेच.

चौथा दिवस. तेच. ताईची मानही तशीच.

आणि तिसरा दिवस...

तिसरा दिवस माझा होता. ताई घरी तापात होती, मावशी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. बादलीवर मी बसलो होतो. गाडीला हात मीच केला होता.

फोटोत मी नव्हतो. बादलीसुद्धा नव्हती.

ताई होती. मांडी घालून. पुढ्यात डबा.

मी शिडीवरून उतरलो ते हाताला धरायला काही शोधत. चष्मेवाली ताईकडे बघत होती, मी ताईकडे बघत होतो, आणि ताई स्क्रीनकडे. ती घाबरलेली नव्हती. तेच मला जास्त लागलं.

"पुसू नको," ती चष्मेवालीला म्हणाली. "ते पिवळं कर."

चष्मेवालीने मुकाट्याने त्या मोकळ्या जागेला पिवळा रंग दिला. माणसं राहतात, म्हणून.

साहेबांनी तो रंग दोन दिवसांत काढायला लावला. पुढच्या महिन्यात तिथे डांबर पडणार आहे. गाड्या सुरू होतील. मग डबा कुठे ठेवायचा, ते मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "बघू."

मावशी म्हणते, ताई हल्ली घरी असली तरी असल्यासारखी वाटत नाही. हाक मारली तर दोनदा मारावी लागते. मी मावशीला फोटोचं सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मी मात्र आता दुपारी कुठेही कामाला असलो तरी बारा चाळीसला मावशीकडे फोन लावतो आणि विचारतो, ताई कुठे आहे.