पुसणीखालचे हात

कोर्टातल्या दुभाष्याच्या परवान्याला तेव्हा तीन परीक्षा होत्या. पहिली हातांच्या भाषेची, दुसरी कायद्याची. त्या पुष्कळ जण पास होत. माणसं गळायची ती तिसरीत, कोरेपणाच्या. कर्णबधिर माणसाने वकिलाला खासगीत सांगितलेलं दुभाष्याच्या डोक्यात उरता कामा नये, असा कायदाच झाला होता. म्हणून सुनावणी संपली की संध्याकाळी दहा मिनिटं एका टोपीखाली बसायचं. सरकारी नाव स्मृतिमार्जक. लोक म्हणत पुसणी. दिवसभराची आठवण ताज्या गिलाव्यासारखी ओली असते, झोपेत ती वाळून पक्की होते. पुसणी ओल्यातच फिरायची, की झाली भिंत कोरी.

कुमुद तायडे या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आली होती. नवरा सुधाकर म्हणे, "माझा वाढदिवस ही पुसणीशिवायच विसरते, हिला काय अवघड!"

तर त्या गुरुवारी वेणूबाई खोडके यांची सातवी आणि शेवटची सुनावणी होती. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या या सत्तरीच्या बाईला एकटीने राहणं झेपत नाही, असा पुतण्याचा दावा. कोर्टाने मानला तर बाई घर सोडून आश्रमात. सहा सुनावण्या कुमुदनेच केल्या होत्या, पण तिच्या लेखी ही पहिलीच भेट. ती बाकाजवळ गेली मात्र, तिचा उजवा हात आपसूक उठला आणि भुवईवर दोनदा टेकला.

वेणूबाई थबकल्या. त्यांच्या भुवईत जुना व्रण होता. हातांच्या भाषेत प्रत्येक माणसाच्या नावाची खूण असते. ही त्यांची होती, आणि आज ती कुमुदला कुणीच सांगितली नव्हती.

पुसणी चालवत डॉक्टर नाझरे. कुमुद तडक त्यांच्याकडे गेली.

"डॉक्टरसाहेब, माझा हात मला न विचारता बोलला."

डॉक्टरांचा चेहरा पडला. पुसणी घडलेल्या गोष्टी पुसते, त्यांनी समजावलं, पण हाताची सवय मेंदूत दुसऱ्याच खोलीत राहते. सायकल कुणी शिकवली ते विसरलं तरी पाय पायडल मारतातच.

"म्हणजे मी कोरी नाही?"

"डोकं कोरं आहे, कुमुदताई. हातांचा कोरेपणा तपासायचं कुणाला सुचलंच नाही. पण मी हे कळवलं, तर सगळ्या सुनावण्या रद्द. तुमचा परवाना जाईल, आणि त्या म्हातारीला पहिल्यापासून उभं राहावं लागेल."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर संध्याकाळी तुम्ही विसराल. लक्षात ठेवायला मी एकटा."

कुमुद म्हणाली, वेणूबाईंचा निकाल लागू द्या.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, दूध उतू जातंय हे बाईंना कळतं कसं? वेणूबाईंचे हात फिरले, कुमुदने शब्द न शब्द सांगितला: "उतू जाताना ते तुमच्याही घरी हाक मारत नसेल, साहेब. बघत उभं राहावं लागतं." न्यायाधीश हसले. पुतण्याचा दावा फेटाळला गेला.

संध्याकाळी वेणूबाई पुसणीच्या खोलीत आल्या. सहाही वेळा जेवायला येते म्हणालीस, हातांनी त्या रुसून सांगत होत्या, आणि एकदाही फिरकली नाहीस. कुमुदने आपले दोन्ही हात पुढे केले. यांना शिकवा.

वेणूबाईंनी आमंत्रणाची तीच वाक्यं त्या हातांकडून तीस-चाळीस वेळा करून घेतली, मनगटं भरून येईपर्यंत. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी टोपी चढवली, आणि दहा मिनिटांनी नियमाप्रमाणे विचारलं, आज कुणाला भेटलात? कुमुद म्हणाली, नाही आठवत. डॉक्टरांनी लिहिलं: कोरी.

रविवारी सकाळी कुमुद मेथी निवडत बसली होती. एकाएकी हातांनी जुडी टाकली आणि ते हवेत फिरू लागले.

"कुणाशी बोलतेस गं?" सुधाकरने विचारलं.

तिने स्वतःचे हात परक्याचे बघावेत तसे बघितले आणि सवयीने मोठ्याने सांगितलं: "सरळ आत ये. कडी वाजवू नकोस, मला ऐकू येत नाही. शेवयांची खीर करते."

"कोण म्हणतंय हे?"

"माझं कुणीतरी," कुमुद म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, कुणासाठी ते तिला सांगता येईना.

"मग जाऊन ये की. राहतात कुठे?"

ती हातांकडे बघत थांबली. हात क्षणभर थबकले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले, सरळ आत ये.